संग्रहालयाच्या अंगणातली बिअर आणि सायडर : गोव्यातल्या मेळाव्याला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बिअरचा मेळावा म्हटला की किनारा, कर्णे आणि फेसाने ओसंडणारे मग एवढेच बहुतेकांना आठवते. संग्रहालयाच्या आवारात भरणाऱ्या सामुदायिक मेळाव्याची रीत निराळी असते. तेथे माप लहान असते, ओतणारा माणूस पुष्कळदा हौसेने आलेला स्वयंसेवक असतो, आणि समोरच्या पेल्यात काय आहे, ते कोणी व कसे बनवले, हे विचारण्याला उत्तेजन मिळते. अशा ठिकाणी पिण्याच्या हिशेबाने जाणारा माणूस तासाभरात थकतो आणि चाखण्याच्या हिशेबाने जाणारा संध्याकाळ संपेपर्यंत ताजा राहतो. पुढील सर्व सूचना या दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यासाठी आहेत.

ही पद्धत मुख्यतः ब्रिटनमध्ये वाढली. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ ही तेथील ग्राहकांची संघटना १९७१ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या स्थानिक शाखांनी नगरभवने, चर्चची सभागृहे, जुन्या रेल्वेगाड्या जतन करणाऱ्या जागा अशा ठिकाणी विनावेतन स्वयंसेवकांच्या बळावर मेळावे भरवायला सुरुवात केली. त्या मेळाव्यांचा मानबिंदू म्हणजे पिंपातच दुसऱ्यांदा आंबणारी, बाहेरून वायू न भरता साधारण ११ ते १३ अंश तापमानाला वाढली जाणारी एल बिअर. गोव्याच्या उकाड्यात अशी पिंपे सांभाळणे अतिशय जिकिरीचे असते. त्यामुळे येथे बहुधा थंड केलेल्या दाबाच्या पिंपातली, कॅनमधली आणि बाटलीतली बिअर मिळेल हे गृहीत धरून जावे. रीत मात्र तीच राहते : एक पेला, टोकनांची पट्टी, अनेक मेजे आणि लहान घोट.

जाण्यापूर्वी

तिकीट घेताना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. संग्रहालयाचे प्रवेशशुल्क त्यातच धरले आहे का, पेला मिळणार आहे की अनामत ठेवून घ्यायचा आहे, आणि उरलेल्या टोकनांचे पैसे परत मिळतात का. तिसरा प्रश्न विचारायला नवखे लोक संकोचतात आणि शेवटी टोकने संपवायची म्हणून नको असलेले दोन पेले रिचवतात. हा संकोच सर्वांत महाग पडतो. गोव्यात मद्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, तेव्हा चेहऱ्यावरून वय कळते या भरवशावर न राहता जन्मतारखेचा पुरावा खिशात ठेवावा. निवडणुकीचा हंगाम असेल तर तारीख पुन्हा एकदा तपासावी, कारण मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत मतदारसंघात मद्यविक्री कायद्याने बंद असते.

परतीची सोय आधी ठरवावी. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ही मर्यादा एवढी कमी आहे की ‘दोनच घेतल्या’ हा युक्तिवाद तेथे टिकत नाही. गावाकडच्या बसगाड्या संध्याकाळनंतर विरळ होतात, पायलट म्हणजे भाड्याची मोटारसायकल अंधार पडल्यावर मिळेलच असे नाही, आणि आडबाजूच्या संग्रहालयापाशी टॅक्सी बोलावल्याबरोबर येत नाही. गटातल्या एकाने त्या दिवशी न पिण्याचे ठरवणे किंवा परतीची गाडी आधीच सांगून ठेवणे, हे दोनच मार्ग खात्रीचे आहेत.

घरून जेवून निघावे. उपाशीपोटी मद्यार्क झपाट्याने रक्तात उतरतो. शीत (भात), हुमण (माशाची आमटी) आणि वर थोडी भाजी एवढे साधे जेवणही पुरेसे आहे. अत्तर मात्र लावू नये. बिअरचा निम्मा आस्वाद नाकाचा असतो आणि अत्तराचा त्रास आपल्यापेक्षा शेजारी उभ्या असलेल्याला अधिक होतो.

आधी दालने, मग पेला

प्रवेशद्वारातून आत गेल्यावर पाय आपोआप मेजांकडे वळतात. तसे न करता आधी दालने पाहून घ्यावीत. याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे : हातात पेला असताना दालनात प्रवेश मिळत नाही, आणि मिळू नये. सांडलेल्या बिअरमध्ये साखरेचा अंश असतो, तो लाकडावर चिकटला की मुंग्या आणि बुरशी येतात. गोव्याच्या दमट हवेत तर संग्रहालयांना बुरशीशी बाराही महिने झुंजावे लागते. दुसरे कारण असे की डोके स्वच्छ असताना पाहिलेले लक्षात राहते.

संग्रहालय पेयांशी किंवा शेतीशी नाते सांगणारे असेल तर हा फेरफटका पुढच्या चाखण्याची तयारीच ठरतो. कांदोळी येथे २०२१ पासून फेणीला वाहिलेले एक संग्रहालय आहे. तेथील जुन्या काचेच्या बरण्या, मापे आणि पेले पाहिल्यावर मद्य मोजण्याचा प्रश्न पूर्वीच्या लोकांनी किती गांभीर्याने घेतला होता ते कळते. बाणावलीचे ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय शेतीच्या आणि घरगुती उद्योगांच्या जुन्या अवजारांसाठी प्रसिद्ध आहे. अवजारांना हात लावू नये, पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी, आणि छायाचित्रासाठी प्रखर झोत वापरण्यापूर्वी विचारावे. एवढे पाळले की कर्मचारीही मोकळेपणाने बोलू लागतात.

पेला आणि टोकन

पेला हातात आला की त्यावरच्या रेघा पाहाव्यात. ब्रिटिश धाटणीच्या पेल्यावर पाइंटचा एक तृतीयांश म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर, अर्धा म्हणजे २८४ आणि पूर्ण म्हणजे ५६८ अशा खुणा असतात. आपल्याकडे चाखण्याचे माप बहुधा त्याहून लहान असते. एका टोकनात किती मिळते ते पहिल्याच मेजावर विचारून घ्यावे आणि पर्याय असेल तर नेहमी सर्वांत लहान माप मागावे. मोठे माप किमतीच्या दृष्टीने स्वस्त दिसते, पण उन्हाळी हवेत पेल्याचा शेवटचा अर्धा भाग कोमट होतो आणि कोमट झालेली लागर (थंडीत आंबवलेली बिअर) कोणालाच आवडत नाही.

दोन पेयांच्या मध्ये पेला साध्या पाण्याने विसळावा. साबणाचा किंवा तेलकट बोटांचा अंश राहिला तर फेस पाहता पाहता बसतो. तळलेले खाऊन लगेच प्यायले तरी तसेच घडते, तेव्हा ओठ पुसून घ्यावेत. आणि सावलीत उभे राहावे. बिअरला कडवटपणा व सुगंध देणाऱ्या हॉप्स या वेलीच्या फुलांमधील कडू द्रव्यांवर ऊन पडले की काही मिनिटांतच बिअरला उग्र, जळक्या रबरासारखा वास येऊ लागतो. गडद तपकिरी बाटलीचा खटाटोप त्यासाठीच असतो, आणि पारदर्शक पेल्याला ते संरक्षण नसते. आंब्याखालची किंवा पडवीतली जागा आधी धरणारा माणूस जाणकार समजावा.

चाखण्याचा क्रम

नवख्याने सौम्यापासून तीव्राकडे जावे. जव, हॉप्स, यीस्ट आणि पाणी या चार गोष्टींतूनच जवळजवळ सगळ्या बिअरचे प्रकार घडतात. फरक पडतो तो जव किती भाजले, हॉप्स किती आणि केव्हा घातले, आणि यीस्टने कोणत्या तापमानात काम केले यामुळे. लागरचे यीस्ट थंडीत सावकाश काम करते, म्हणून तिची चव स्वच्छ आणि सरळ येते. एलचे यीस्ट उबेत काम करताना फळांसारखे गंध निर्माण करते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. ती सारी यीस्टची करामत असते. पहिल्या फेरीत लागर, दुसरीत गव्हाची बिअर, तिसरीत एखादी फिकट एल, त्यानंतर कडू आयपीए (इंडिया पेल एल) आणि शेवटी भाजलेल्या जवाची काळी स्टाउट, असा क्रम धरला तर प्रत्येकीचे वेगळेपण उमगते. आयपीएने सुरुवात केली तर पुढचे तीन पेले पाण्यासारखे लागतात.

सासष्टीत आणि बार्देशात गेल्या काही वर्षांत लहान ब्रुअऱ्यांनी चांगले काम केले आहे. ‘एट फिंगर एडी’ ही गोव्यातल्या गोवा ब्रुइंग कंपनीची आयपीए बाहेरच्या शहरांतही पोहोचली आहे. मेळाव्यात स्थानिक ब्रुअरीचे मेज असेल तर तेथे थोडा अधिक वेळ द्यावा, कारण बनवणाराच समोर उभा असण्याची शक्यता तेथे अधिक असते. ‘कशी आहे?’ असे त्याला विचारू नये. तो चांगली आहे असेच सांगणार. ‘हॉप्स उकळताना घातले की नंतर?’, ‘पिंप केव्हा भरले?’ असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ मिळाले नाही तर आयपीए घेऊ नये, कारण तिचा सुगंध आठवड्यागणिक ओसरतो.

काही वास दोषाचे असतात आणि ते ओळखणे अवघड नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी झाली आहे किंवा तिला हवा लागली आहे. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळण्यात घाई झाली असावी. लोण्याचा वास काही एलमध्ये थोडासा चालतो, लागरमध्ये सहसा चालत नाही. असे काही आढळले तर पेला मुकाट्याने संपवण्याची गरज नाही. ओतून टाकण्यासाठी मेजावर बादली ठेवलेली असते आणि तिचा वापर करणे हा कोणाचाही अपमान नाही.

सायडरच्या मेजापाशी

गोव्यातल्या नवख्याची सर्वांत मोठी फसगत सायडरपाशी होते. सायडर म्हणजे सफरचंदाचे गोड सरबत, असे समजून लोक ती भराभर पितात; प्रत्यक्षात ती आंबवलेल्या रसाची असते आणि तिच्यातला मद्यार्क बहुधा ४.५ ते ६ टक्के, पारंपरिक प्रकारांत ८ टक्क्यांपर्यंतही असतो. ती उकळून बनत नाही. सफरचंदे कुटून, दाबून रस काढतात आणि यीस्ट त्यातल्या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. बनवण्याच्या रीतीने पाहता ती बिअरपेक्षा वाइनला जवळची आहे. साखर पूर्ण संपली तर ती कोरडी होते. गोड सायडरमध्ये साखर उरलेली असते किंवा नंतर गोडवा घातलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न ‘कोरडी की गोड?’ हाच असावा, आणि कोरडीपासून सुरुवात करावी. गोड आधी घेतली तर कोरडी नुसती आंबट लागते.

दुसरा प्रश्न सफरचंदाच्या जातीचा. इंग्लंडच्या सॉमरसेट आणि हेरफर्डशर भागांत सायडरसाठी तुरट-गोड जातींची खास सफरचंदे लावतात. ती चावून खाता येत नाहीत इतकी तुरट असतात, पण त्या तुरटपणामुळेच पेयाला अंग येते. हिमाचल आणि काश्मीरमध्ये मुख्यतः खाण्याची सफरचंदे पिकतात. त्यांच्यात आंबटगोड रस भरपूर आणि तुरटपणा कमी असतो, त्यामुळे भारतीय सायडर सहसा हलकी, झुळझुळीत होते. हा दोष समजू नये, तो फळाचा स्वभाव आहे. उकाड्यात तर हीच हलकी सायडर बरी वाटते.

स्पेनच्या आस्तुरियास प्रांतातली सायडर मेळाव्यात आढळली तर ओतणाऱ्याकडे लक्ष द्यावे. बाटली धरलेला हात डोक्याच्या वर, पेला धरलेला हात कमरेच्या खाली, आणि मधून बारीक धार : उंचावरून पडल्याने तिच्यात हवा मिसळते आणि दबलेला सुगंध मोकळा होतो. पेल्यात तळाशी दोन-तीन घोटच असतात आणि ते लगेच संपवायचे असतात. तिच्यात व्हिनेगरची पुसटशी झाक जाणवते आणि ती तेथल्या लोकांना हवीशी वाटते. नारळाच्या माडीपासून बनलेल्या व्हिनेगरवर वाढलेल्या गोंयकाराच्या जिभेला ती झाक परकी वाटू नये. पण साध्या, गोडसर भारतीय सायडरला व्हिनेगरचा वास आला तर ती बिघडलेलीच समजावी.

गव्हाचे किंवा जवाचे पथ्य असणाऱ्यांना सायडर बहुधा चालते, तरी लेबल वाचावे. सोमवार पाळणाऱ्यांसाठी एक माहिती : काही पारंपरिक ब्रिटिश एल निवळण्यासाठी माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरतात. तो पेल्यात जवळजवळ उरत नाही, पण ज्याला पाळायचे आहे त्याने विचारून घेणेच योग्य.

काजूचे मेज

गोव्यातल्या मेळाव्यात काजूचे मेज असणे स्वाभाविक आहे, आणि सायडर समजून घेतलेल्या माणसाला ते चटकन उलगडते. बोंडू म्हणजे काजूचे फळ मळून रस काढतात. मळलेल्या गोळ्यावर वजन ठेवले की जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. हा ताजा नीरो बिनमद्याचा असतो, गाडी चालवणाऱ्याने आणि मुलांनी त्यावर हक्क सांगावा, पण तो ताजाच असल्याची खात्री करून घ्यावी. फेणीसाठी काढलेला रस यीस्ट न घालता आपोआप काही दिवस आंबतो. या टप्प्यापर्यंत त्याची वाट सायडरसारखीच असते. फरक पुढे पडतो, कारण आंबलेला रस भट्टीवर चढतो. पहिल्या धारेचा हुर्राक मिळतो, आणि हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळले की फेणी. हुर्राक मार्च ते मेच्या सुमारासच मिळतो आणि फार काळ टिकत नाही, म्हणून डिसेंबरातल्या मेळाव्यात कोणी ‘ताजा हुर्राक’ म्हणून काही पुढे केले तर हसून पुढे जावे.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा मद्याचा दर्जा दिला. बाटलीवर ४२.८ टक्के हा आकडा दिसेल. जुनी भट्टीवाली माणसे आकड्याआधी फेणी हलवून वर येणारे मणी पाहतात : बुडबुडे टपोरे आणि टिकाऊ असतील तर जोर बरोबर, पटकन फुटले तर कमी. मेजामागचा एखादा वयस्क माणूस ‘बाब, पयलीं हें चाखून पळयात’ म्हणत दोन थेंब हातावर टाकील. तळहात चोळून वास घ्यावा. आधी बोंडूचा, मग मद्यार्काचा वास आला तर माल चांगला. फेणी बिअरच्या शेवटी घ्यावी आणि एकदाच घ्यावी.

सोबत काय खावे

येथे पाहुण्याची निवड चुकते ती तिखटामुळे. चोरीस (मसालेदार डुकराचे सॉसेज) पाव आणि कडू आयपीए ही जोडी ऐकायला बरी वाटते, प्रत्यक्षात तिखट आणि कडवट एकमेकांना चढवतात आणि जीभ बधिर होते. चोरिसाबरोबर कोरडी सायडर घ्यावी. तिचा आंबटपणा चरबी कापतो. रवा लावून तळलेला इसवण (सुरमई) गव्हाच्या बिअरबरोबर उत्तम. स्टाउट आणि बेबिंक (थरांचे गोवन मिष्टान्न) ही माझ्या मते मेळाव्यातली सर्वांत चांगली जोडी आहे, कारण थरांवर लागलेली खरपूस साखर आणि भाजलेले जव एकाच सुरात बोलतात. बेबिंक गरम करून मिळाली तर फारच उत्तम. रॉस ऑम्लेट (रश्श्यात वाढलेले ऑम्लेट) पोट भरते आणि लागरला मानवते. खारवलेले काजू सगळ्यांबरोबर चालतात, पण ते तहान वाढवतात आणि मग हात पाण्याऐवजी पेल्याकडे जातो.

हिशेब आणि परतीची वाट

किती झाले याचा हिशेब पेल्यांच्या संख्येने करू नये, मद्यार्काने करावा. ५ टक्क्यांची १०० मिलिलिटर बिअर म्हणजे सुमारे ४ ग्रॅम मद्यार्क. असे पाच लहान पेले झाले की ५०० मिलिलिटरचा एक पूर्ण कॅन पोटात गेला. ४२.८ टक्क्यांच्या फेणीचे ३० मिलिलिटर म्हणजे सुमारे १० ग्रॅम, म्हणजे पाव लिटर बिअर. शरीर ताशी साधारण एवढाच मद्यार्क पचवते. लिंबू, काळा चहा किंवा थंड पाण्याने तोंड धुणे यांनी त्या वेगात काही फरक पडत नाही. छोट्या वहीत नाव, टक्केवारी, माप आणि एक-दोन शब्दांत चव एवढे टिपत गेले की हिशेबही राहतो आणि पुढच्या वेळी काय टाळायचे तेही कळते. प्रत्येक पेल्यामागे तेवढेच पाणी प्यावे. औषधे चालू असतील, विशेषतः झोपेची, वेदनाशामक किंवा मधुमेहाची, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोकन घेऊच नये.

निघताना पेला परत करून अनामत घ्यावी, टोकने मोडून घ्यावीत, आणि उघडी बाटली घेऊन किनाऱ्यावर जाण्याचा मोह टाळावा. तेथे पिण्याला बंदी आहे आणि दंड होतो.

बंद बाटल्या घरी नेणाऱ्यांपैकी सिंधुदुर्ग, कोल्हापूर किंवा बेळगावहून आलेल्यांनी विशेष जपावे. गोव्यात विकत घेतलेले मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणे हा गुन्हा आहे, मग वाट पत्रादेवीच्या सीमानाक्याची असो की कोकण रेल्वेची. बिल दाखवल्याने सुटका होत नाही. कर्नाटकाचे नियम वेगळे आहेत आणि तेही निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. विमानाने जाणाऱ्यांना २४ ते ७० टक्के मद्यार्काच्या सीलबंद बाटल्या दर प्रवाशामागे एकूण ५ लिटरपर्यंत सामानकक्षातल्या बॅगेत ठेवता येतात आणि फेणी त्यात बसते. बिअर आणि सायडर २४ टक्क्यांखाली असल्याने त्यांना ती मर्यादा लागू नाही. उतरण्याच्या राज्याचा अबकारी नियम मात्र विमानतळाबाहेर पाऊल टाकताच लागू होतो. कॅन कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवावेत, आणि यीस्ट न गाळलेली बिअर असेल तर ती घरी पोहोचल्यावर एक दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवून मगच उघडावी.